पोळी सोडली, खो-खो धरला

निरोप आला तेव्हा मी कणीक मळत होते. अमरावतीच्या आमच्या शाळेतल्या जुन्या खो-खो खेळाडूंचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एरवी फुलांची चित्रं आणि सुप्रभात येतं. त्या दिवशी मात्र आमच्या वेळच्या कर्णधार मैत्रिणीनं लिहिलं होतं, 'जानेवारीत शाळेचं संमेलन आहे. जुन्या मुली विरुद्ध आताच्या मुली असा सामना ठेवायचा म्हणतात. कोण कोण खेळणार?' मी काही विचार केला नाही. पिठाच्या बोटानंच 'मी' असं लिहून टाकलं.

लिहिल्यावर अंगात असं काही वारं शिरलं की मी परात बाजूला सारली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध चौकोनात बसल्यासारखी उकिडवी बसले. एक गुडघा वर, हात जमिनीला, मान वळवलेली. तीस वर्षांनी. बसले ती बसलेच. उठता येईना. मांड्या पोटाला अडल्या होत्या, गुडघ्यात कळ आली होती आणि हात ओट्याला पुरत नव्हता. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस आणि वजन त्र्याऐंशी किलो.

नवरा बाजारात निघाला होता. अकोल्याच्या धान्यबाजारात त्याची अडत आहे. तो दारात थांबला.

"काय सांडलं?"

"काही नाही सांडलं. मी खो-खो खेळून राहिली."

त्यानं नीट पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "मग कोणाले तरी खो दे ना. अशी किती वेळ बसशीन?"

मी हसायला लागले तशी आणखीच बसत गेले. शेवटी दोन्ही बगलांत हात घालून त्यानं मला उभं केलं. पोत्याला हात लावायची सवय असलेला माणूस तो, पण त्यालाही दम लागला. 

लगेच मी नणंदेला फोन लावला. नणंद म्हणजे आधी माझी मैत्रीण. शाळेच्या संघात आम्ही शेजारशेजारच्या चौकोनांत बसायचो, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. तिच्या घरी अभ्यासाला जाता जाता तिच्या भावाशी ओळख झाली, लग्न झालं, मी अकोल्याला आले. ती अमरावतीतच दिली. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करते. लग्नापासून मला वैनी म्हणते, पण चिडवायला.

"वैनी, तू पाह्यलं का ग्रुपवर?" फोन उचलताच ती ओरडली. "मी पण हो म्हणून टाकलं! आन मंग घरात बसून पाह्यलं."

"मग?"

"बसली कुठं? आदळली! सोफ्याले धरून उठली. माय व, आपण दोघी त्या पोट्ट्यांसमोर काय दिसू?"

आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या हसत होतो. मग ती एकदम गंभीर झाली. तिला चार वर्षांपासून साखर होती, गोळ्या चालू होत्या, आणि मागच्याच आठवड्यात तिच्या डॉक्टरबाई तिला म्हणाल्या होत्या की गोळी वाढवायची नसेल तर ताट बदलावं लागेल. "रविवारी ये," ती म्हणाली. "दोघी मिळून जाऊ. तूच माह्यावर लक्ष ठेव, मी तुह्यावर ठेवतो."

रविवारी डॉक्टरबाईंच्या घरीच गेलो. त्या नणंदेच्या शेजारी राहतात. आमचं खो-खोचं ऐकून त्यांनी आधी आमचे गुडघे दाबून पाहिले, रक्तदाब घेतला, तपासण्या लिहून दिल्या. मग विचारलं, "दिवसभरात काय काय खाता ते सांगा." सांगायला लागले तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. सकाळी पोहे नाहीतर आलूबोंडा, दुपारी चार पोळ्या आणि भात, संध्याकाळी चहाबरोबर टोस्ट, रात्री पुन्हा पोळ्या. भाजी आपली पोळी गिळण्यापुरती. त्या म्हणाल्या, "काही महिने उलटं करून बघा. भाजी, अंडी, पनीर, डाळ पोटभर. पोळी, भात, आलू, साखर अगदी कमी. लो-कार्ब म्हणतात ते हेच. पण जेवण टाळायचं नाही." मग नणंदेकडे वळून बोट रोखलं, "आणि तुम्ही रोज घरी साखर तपासून मला कळवायची. गोळी कमी करावी लागेल, ती मी करीन. तुम्ही मनानं काही करायचं नाही."

"हाव हाव," नणंद म्हणाली. तिचा हाव हाव मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या क्षणी मी इतकी आनंदात होते की माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

अकोल्याला परत येऊन मी जाहीर केलं की उद्यापासून माझ्यापुरती पोळी बंद. नवरा पाट सरकवून बसला होता. त्याचा हात वाटीतच राहिला.

"गव्हाची अडत करतो मी," तो म्हणाला. "बाजारात कळलं की माह्या घरात गहू बंद झाला, तर लोक काय म्हणतीन? यालेच आपल्या मालावर भरोसा नाही!"

"तुमच्यापुरत्या करीन ना."

"मले एकट्याले खाले गोड लागते का?"

ते मात्र त्यानं हळू आवाजात म्हटलं. पंचवीस वर्षं आम्ही रात्री एकत्र जेवलो होतो. तव्यावरची शेवटची पोळी अर्धी अर्धी करायची आमची रीत होती. मला वाईट वाटलं, पण मी हट्ट सोडला नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. तिसऱ्या दिवशी व्याकरण शिकवता शिकवता डोकं असं ठणकायला लागलं की समास सोडवताना मीच अडखळले. शिक्षककक्षात कोणीतरी समोसे आणले होते. मी खिडकीबाहेर तोंड करून ताक प्यायले. ताकात मीठ घालून पीत जा असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, त्यानं जरा बरं वाटायचं. घरी विनाकारण नवऱ्यावर खेकसायचे. तो बिचारा आपली पोळी घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसायचा.

आणि मग एका सकाळी उठले ती हलकीच उठले. डोकं शांत. दुपारी जेवल्यावर जी पेंग यायची ती आलीच नाही. शेवटच्या तासालासुद्धा मी फळ्यासमोर उभी होते, खुर्ची आठवली नाही. भूक होती, पण ती आता अंगावर धावून येत नव्हती.

मग मला स्वयंपाकाचा नवाच नाद लागला. आपल्या वऱ्हाडात पोळीशिवाय खाण्यासारखं इतकं असेल असं कधी वाटलं नव्हतं. अंबाडीची भाजी नुसती वाटीत घेऊन, वर लसणाचं तेल. वांग्याचं भरीत, त्यात भरपूर शेंगदाणे. जवसाची चटणी. मेथी घालून अंड्याची पोळी. रविवारी गावरान कोंबडीचा रस्सा, तो मी वाटीनं प्यायचे. नवरा कडेकडेनं बघायचा. एके दिवशी त्यानं आपली पोळी दोनवर आणली आणि माझ्या भरिताची वाटी ओढून घेतली. "पाहू तर," एवढंच म्हणाला.

वजन उतरायला लागलं तेव्हा तर मी वेडीच झाले. रविवारी सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि लगेच नणंदेला फोन. आम्ही आकडे असे ओरडून सांगायचो की निवडणुकीचा निकालच लागतो आहे. पहिल्यांदा भराभर उतरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, यात पाणी बरंच असतं, हुरळून जाऊ नका. आम्ही हुरळलोच. कपाटातला लग्नानंतरचा निळा पंजाबी ड्रेस काढला, तो खांद्यातून गेला, पोटावर अडला, आणि मला तेवढ्याचाही इतका आनंद झाला की मी तो तसाच अर्धा घालून नवऱ्याला दाखवायला गेले.

एक दिवस आड मी पहाटे कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यांवर चालायला जायचे. दर रविवारी बस धरून अमरावती. शाळेच्या मागच्या मैदानावर आमच्यातल्या आठ-नऊ जणी जमायच्या. कोणी आजी झालेली, कोणी पाठीला पट्टा बांधून आलेली. पहिल्या रविवारी आम्ही खांबाला धरून बसत होतो आणि खांबालाच धरून उठत होतो. मग एकमेकींचा हात धरून. मग एकदा, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, पाठीमागून कोणीतरी "खो!" म्हणून पाठीवर थाप मारली आणि मी उठले. हात न टेकता, विचार न करता उठले आणि धावत सुटले. चार पावलांवर माझ्या लक्षात आलं की मी उठले आहे. मी तिथेच थांबून ओरडले, "उठली! मी उठली!" आणि जिला पकडायचं होतं ती लांबून हात कमरेवर ठेवून म्हणाली, "हाव, दिसलं. आता पळ!"

त्याच सुमारास बसमधला तो प्रकार घडला.

नणंद दोन दिवसांची सुट्टी काढून माझ्याबरोबर अकोल्याला येत होती. सकाळी सराव झाला, दुपारी बसमध्ये बसलो. मूर्तिजापूर मागे पडलं आणि तिचं बोलणं थांबलं. माझी नणंद बसमध्ये गप्प बसत नाही. मी पाहिलं तर तिच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे, हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तिला लावता येईना.

"काय होऊन राहिलं तुले?"

"काही नाही व. कसंतरीच... हात कापून राहिले."

"जेवली होती ना?"

तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मग कळलं. वजन लवकर उतरावं म्हणून तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, गोळी मात्र पूर्वीइतकीच घेतली होती. डॉक्टरबाईंना आठवडाभर साखर कळवलीच नव्हती. तिची साखर उतरली होती. माझ्याजवळ उकडलेली अंडी होती, शेंगदाणे होते, आणि गोड असं काही म्हणजे काही नव्हतं. मी उभी राहून सगळ्या बसला विचारलं, "कोणाजवळ गोड आहे का? गूळ, साखर, काहीही!" पुढच्या बाकावरच्या एका बाईनं पिशवीत हात घातला आणि संत्राबर्फीचा डबाच उघडून दिला. कोणाच्या तरी घरी पाहुणी चालली होती.

मी तुकडा नणंदेच्या तोंडाजवळ नेला तर तिनं ओठ मिटले.

"नोको. एवढ्या दिवसाची मेहनत..."

मी वर्गात कधी वापरत नाही तो आवाज काढला. "तोंड उघड!"

तिनं तोंड उघडलं. एक तुकडा, दुसरा तुकडा. ती बाई मागे वळून तिचा हात चोळत राहिली. जरा वेळानं नणंदेच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं बोट चाटलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बर्फी चांगली होती व." मला हसूही आलं आणि रडूही. पुढच्या थांब्यापर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

घरी पोचताच मीच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी तिला असं फैलावर घेतलं की माझा नवरा, तिचा सख्खा भाऊ, उठून अंगणात गेला. "जेवण टाळायचं नाही म्हणून बजावलं होतं की नाही मी? ताट बदललं की गोळी बदलावी लागते. ते मला न सांगता केलंत. उद्या हे रस्ता ओलांडताना झालं असतं तर?" नणंद मान खाली घालून ऐकत होती. त्या दिवसापासून तिची एक गोळी कमी झाली, नंतर आणखी कमी झाली. पुढे कधी तिनं जेवण चुकवलं नाही, आणि पर्समध्ये साखरेच्या पुड्या आल्या त्या आजही आहेत.

जानेवारीत मी अडुसष्ट किलोची होते. निळा ड्रेस पोटावरून खाली उतरला होता, पण सामन्याला आम्ही सगळ्यांनी टी-शर्ट आणि ट्रॅकपँट शिवून घेतल्या. मैदानावर पाणी मारलेलं, चुन्याच्या रेषा ताज्या. काळ्या मातीचा तो ओला वास नाकात गेला आणि मी शाळेतल्यासारखीच तळहातांना माती चोळली. समोर चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, वेण्या घट्ट बांधलेल्या. त्या आम्हाला मावशी म्हणत होत्या आणि आपसात हसत होत्या.

पहिल्यांदा त्या पळाल्या, आम्ही पाठलागाला. काय सांगू त्या कशा पळत होत्या! हात लागतो लागतो म्हणेपर्यंत पलीकडे. आमच्यात मात्र एक गोष्ट होती, ती म्हणजे आम्हाला एकमेकींचे डोळे कळत होते. नणंदेनं मला खो दिला तेव्हा ती एक शब्द बोलली नाही, फक्त खांबाकडे पाहिलं. मी खांबाच्या दिशेनं सुटले. एक उंच मुलगी वळसा घेणार होती. मी डाव्या हातानं खांब धरला आणि स्वतःला झोकून दिलं. तीस वर्षांनी सूर मारला! हवेत असताना मला स्पष्ट आठवतं, मी विचार केला की आता मोडलं काहीतरी. बोटांची टोकं त्या मुलीच्या टाचेला लागली आणि मी मातीत. शिट्टी झाली. गडी बाद.

मग जो आरडाओरडा झाला! माझ्या तोंडात माती, कोपर सोललेलं, आणि नणंद माझ्या अंगावर येऊन पडलेली. बाद झालेली ती मुलगी धावत परत आली, मला हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "मावशी, कसला मस्त होता!" कडेला माझा नवरा उभा होता. धान्यबाजारातला शांत, मोजकं बोलणारा माणूस. तो दोन्ही हात वर करून उड्या मारत होता.

सामना आम्ही हरलो. व्यवस्थित हरलो. त्याचं कोणालाही काही वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी एका मैत्रिणीच्या मळ्यात रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, ते फोडून त्यावर तूप, वांग्याची झणझणीत भाजी, वरण. मी तीन महिने पोळीला हात लावला नव्हता. त्या दिवशी मी मोजलं नाही. मोजायचा दिवसच नव्हता तो.

पण त्यानंतर काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. जानेवारीची तारीख डोळ्यांसमोर होती तोवर सगळं सोपं होतं. ती गेली आणि रविवारचा सराव आपोआप बंद पडला. होळीला पुरणपोळी झाली, ती दुसऱ्या दिवशीही उरली. पाडवा आला. कॉलेजातल्या लोकांनी सडपातळ झाल्याबद्दल पेढे मागितले, ते मीही खाल्ले. मग आंबे. आमरस असला की पोळी लागतेच, कुरडई लागतेच, आणि उन्हाळ्यात वऱ्हाडात कोण पहाट सोडून घराबाहेर पडतं? पहाटे मी झोपू लागले. काटा पलंगाखाली गेला. नणंदेचे रविवारचे फोन मी "जरा कामात आहे" म्हणून लवकर आटपायला लागले.

जूनमध्ये एका रविवारी दाराची बेल वाजली. दारात नणंद. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून आलेली, काखेत कापडी पिशवी. तिनं चप्पल काढली, पिशवीतून स्वतःचा वजनकाटा काढून दिवाणखान्याच्या मधोमध ठेवला.

"उभी राय."

"अगं, चहा तरी..."

"उभी राय, वैनी."

मी उभी राहिले. शहात्तर. उतरवलेल्यातलं निम्म्याहून जास्त परत आलं होतं. मला वाटलं ती आता बोलेल, आणि मी रडायच्या तयारीतच होते. तिनं मला बाजूला केलं आणि स्वतः काट्यावर चढली. तिचंही चढलं होतं, माझ्याइतकं नाही, पण चढलं होतं.

"मले तर रोज बोट टोचून कळते, म्हणून अर्धं तरी वाचली," ती म्हणाली. "तुले काहीच टोचत नाही ना, म्हणून आली."

नवरा आतून ऐकत होता. त्यानं तिघांसाठी बिनसाखरेचा चहा करून आणला, जमिनीवर बसला आणि एकदम म्हणाला, "मले सांगा, तुमी दोघी जन्मभर पोळी खाणार नाही काय?"

 हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"तसं होत नाही," मीच म्हणाले. "मला पोळी आवडते."

"मग जन्मभर किती खाशीन ते ठरव. तीन महिने शून्य आन मग डोंगर, हा काय व्यवहार झाला?"

त्या दुपारी आम्ही तिघांनी बसून बोलणी केली. वाद झाले. नणंदेला भात पूर्ण सोडवत नव्हता, मला आंबा. शेवटी जे ठरलं ते अगदी साधं होतं. दुपारी ज्वारीची एक भाकर, जेवणात भाजी आणि डाळ जास्त. रात्री भाकर-पोळी नाही. आंबा खायचा तर भाकरीच्या ऐवजी, भाकरीवर नाही. नणंदेनं तिच्या साखर मोजायच्या यंत्राला विचारूनच. सणाला पुरणाची पोळी खायची, तुपासकट, आनंदानं, पण सण एका दिवसाचा. काटा पलंगाखाली जाणार नाही. दोन किलो वर दिसले की पुन्हा काही दिवस पहिल्यासारखं कडक. डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या, "हे जमेल. हेच खरं अवघड असतं, पण हे जमेल."

नवऱ्यानं बाजारातून स्वतः निवडून ज्वारी आणली. दाणा तळहातावर घेऊन दाखवला, जसा गिऱ्हाइकाला दाखवतो. आणि त्या रात्रीपासून तोही माझ्याबरोबर रात्री भाजी, डाळ, अंडी असंच जेवायला लागला. मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "एकट्याले गोड लागत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं." महिन्याभरात त्याचा पट्टा एक भोक आत गेला. ते त्यानं बाजारात सगळ्यांना दाखवलं.

वजन यावेळी सावकाश उतरलं. फोनवर ओरडण्यासारखं काही नव्हतं. कधी महिनाभर जागचं हलायचं नाही. तेव्हा मला कळलं की नुसत्या ताटावर माझं मन टिकणार नाही, मला मैदान पाहिजे. मग मी आमच्या अकोल्याच्या कॉलनीतल्या बायकांना विचारायला सुरुवात केली. "खो-खो खेळता का?" पहिल्यांदा सगळ्या हसल्या. पहिल्या रविवारी चौघी आल्या, पुढे संघ होईल इतक्या झाल्या. कोणी साडी खोचून, कोणी सुनेचा ट्रॅकसूट घालून. नवरा पंच झाला. शिट्टी गळ्यात अडकवून तो इतका कडक होतो की एकदा त्यानं मलाच नियम मोडला म्हणून बाहेर बसवलं, आणि घरी येऊनही माघार घेतली नाही. आमच्यातल्या दोघी-तिघींनी आपापल्या घरी ताटं बदलली आहेत. कोणी माझ्यासारखं, कोणी आपल्या पद्धतीनं. साखर किंवा रक्तदाब असेल त्यांना मी आधी डॉक्टरकडे पाठवते.

आता हा तिसरा हिवाळा. वजन एकोणसत्तरच्या आसपास राहतं. कधी दीड-दोन किलो वर जातं, मग आम्ही कडक होतो, मग उतरतं. आता ते पाहून घाबरायला होत नाही.

मागच्या महिन्यात तर आम्ही धारणीकडे जाऊन आलो. आमच्या जुन्या संघातली एकजण तिकडच्या डोंगरातल्या आदिवासी मुलींच्या निवासी शाळेत शिकवते. तिनं बोलावलं, "या, आमच्या मुली खेळतात तुमच्याशी." अमरावतीहून दोन जीप केल्या. परतवाड्याच्या पुढे घाट लागला तशा सगळ्या गाणी म्हणायला लागल्या. रस्ता असा की प्रत्येक खड्ड्यात एकीचं डोकं टपाला लागायचं आणि बाकीच्या हसायच्या. माझ्या डब्यात अंडी आणि शेंगदाणे होते, ते घाटातच संपले.

शाळेच्या मैदानावर मुली वाट पाहत उभ्या होत्या. अनवाणी, काटक, लाजाळू. शिट्टी वाजली आणि लाजणं संपलं. मी आजवर कोणाला असं पळताना पाहिलं नाही. त्या वळतच नव्हत्या, नुसत्या दिसेनाशा व्हायच्या. आमची एकजण पकडायला धावली आणि पकडायचं विसरून बघतच राहिली. आम्ही असं हरलो की मोजायची सोय नव्हती.

मग पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी. भाताचा ढीग घेऊन एक मुलगी माझ्या पुढ्यात वाकली आणि वाढतच गेली. "आणखी घ्या, मावशी." माझ्या डोक्यात क्षणभर आकडेमोड सुरू झाली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. पोटभर भात आपल्या हातानं पाहुण्याला वाढायचा हा त्या मुलीचा आनंद होता. माझ्या घरात जे जास्त आहे म्हणून मी कमी करते, ते सगळीकडे जास्त नसतं, हेही मला तिथे कळलं. मी भात घेतला. वरण ओतून कालवला आणि बोटं चाटून खाल्ला. फार चांगला होता. नणंदेनं आपल्या बेतानं घेतला, भाजी दोनदा मागून घेतली आणि वाढणारीला म्हणाली, "तुह्या हातची भाजी खाले मी पुन्हा येईन." दुसऱ्या दिवशी घरी आम्ही नेहमीसारखं जेवलो. आठवड्यानं काटा जिथे होता तिथेच होता.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. जेवणं झाल्यावर जीप काढायला वेळ होता. ती वाढणारी मुलगी मैदानावर आली, माझं मनगट धरलं आणि मला खांबापाशी नेलं. "तुम्ही खांब उशिरा सोडता," ती म्हणाली. तिनं माझा हात खांबावर कुठे ठेवायचा, पाय कुठे टाकायचा, अंग कधी झोकायचं ते दाखवलं. मी वळले, भोवंडले, मातीत बसले. पुन्हा वळले. नणंद जीपमधून हाका मारत होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. "एकदा, अजून एकदा," मी म्हणत होते. आणि मग जमलं. खांब हातातून आपोआप सुटला, मी पलीकडच्या बाजूला पोचले आणि पळतच राहिले, थेट मैदानाच्या टोकापर्यंत, आणि ती मुलगी माझ्याशेजारी टाळ्या वाजवत पळत होती.